ओतलेला रंग आणि सांगितलेलं अक्षर

“गिऱ्हाईक सांगेल तेच लिहायचं. ‘का’ विचारायचं नाही!” जुन्नरमधल्या आमच्या पाट्यांच्या दुकानातला हा नियम. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातात ब्रश द्यायच्या आधी मला हा नियम दिला. तो पाळता पाळता इतके किस्से साठलेत की रंगाचे डबे ठेवायला जागा नाही!

आता अण्णांचा हात थरथरतो, म्हणून अक्षरं मीच काढते. बोर्डवर पातळ ॲक्रेलिक रंग ओतायचे, बोर्ड तिरका करून ते पळवायचे, वाळले की वर नाव लिहायचं. दुकानाची नवी पाटीही अशीच ओतून ठेवली होती, मोरपंखी. तिच्यावर अण्णांच्या शेजारी माझं नाव यावं, असं मी घरात शंभरदा सांगितलंय.

पहिला बोर्ड ओतला आणि जेवायला गेले. परत येते तर बोर्ड पांढराशुभ्र! गल्ल्यावर बसणारे माझे चुलते, नाना, फडकं पिळत होते. “अगं, लई रंग सांडला व्हता. पुसून ठेवलाय बघ!”

*

एका ऊसवाल्या पावण्यांसाठी पिवळा, तपकिरी, काळा ओतला. काय सुंदर ठिपके उमटले! पावणं दारातच थबकले. “ताई, नाव झ्याक लिवलंय. पण ह्यो बिबट्या दारावर नको. उसात दिसतोय तेवढा बास!”

मी दुसरी, निळी पाटी करून दिली. संध्याकाळी त्यांच्या बायकोचा फोन. “बिबट्याच द्या. पावणं तरी कमी येतील!”

*

आहुप्याच्या एका भाऊंना होमस्टेच्या पाटीत खरं पान चिकटवून हवं होतं. नाव ‘देवराई’. मी म्हटलं, “तिथलंच पान आणा की!”

भाऊंनी कानाला हात लावला. “देवाच्या रानातलं? पडलेलं बी उचलत न्हाई आमी!”

“मग हे हातात काय?”

“तुमच्याच दुकानामागनं तोडलंय. चिकटवा!”

*

तळेघरच्या एका आजींना टपरीसाठी पाटी हवी होती, ‘गरम च्या’. नाना म्हणाले, “शुद्ध लिही. चहा!” मी नियमाची आठवण करून दिली, पण नाना हटेनात. शेवटी लिहिलं ‘चहा’.

आजींनी एकेक अक्षर लावून वाचलं. “आन् ह्ये कोण पितं?”

*

गेल्या आठवड्यात मोरपंखी पाटी टेबलावर घेतली. अण्णा समोर बसले. नाना म्हणाले, “लिही. अण्णा पेंटर अँड सन्स.”

“सन्स कोण?”

“आपला किरण!”

किरण म्हणजे माझा भाऊ. चाकणला कंपनीत आहे. ब्रशनं त्यानं आजवर फक्त दात घासलेत.

“आणि मी?”

“तू काय, उद्या सासरी जाशील,” नाना म्हणाले. “आन् आज गिऱ्हाईक आमी हाय. का विचारायचं न्हाई!”

नाही विचारलं. ‘अण्णा पेंटर’ लिहिलं, पांढरं, ठसठशीत, काळ्या कडेचं. मग ब्रश धुतला, कोरडा केला आणि टेबलावर ठेवला.

“पुढचं मी लिहिणार नाही. सन्सना बोलवा, ते लिहितील!”

नानांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी ब्रशकडे.