यादीतलं सारण

करकच्या किल्ल्याखाली, उतरणीच्या रस्त्यावर रस्मियाचं ब्युटी पार्लर होतं. गावातली बहुतेक प्रत्येक नवरी तिच्या हातून सजून गेलेली. तिचा चुलतभाऊ धैफल्लाह, ज्याला सगळे अबू फवाझ म्हणत, हा रस्त्यांचा कंत्राटदार. त्याचे रस्ते हिवाळ्यातल्या पहिल्या पावसापर्यंत टिकत, त्यामुळे दरवर्षी त्याला नवं काम मिळे. एवढा दूरदृष्टीचा माणूस राजधानी अम्मानच्या संसदेत नसावा, हे भावकीला सहन होईना. भावकीने आधी आपसात मतदान घेऊन त्याला निवडलं. बायकांना बोलावलं नव्हतं, कारण मंडप लहान होता.

पण कायद्याप्रमाणे एकट्याने उभं राहता येत नव्हतं, यादी लागे. मतदाराने एक यादी निवडायची आणि तिच्यातल्या हव्या तितक्या नावांपुढे खुणा करायच्या. यादीला जागा मिळाली की सर्वांत जास्त खुणांचा माणूस संसदेत. म्हणजे अबू फवाझला अशी माणसं हवी होती, जी मतं आणतील पण स्वतः निवडून येणार नाहीत. अशा उमेदवाराला आमच्याकडे उघडपणे ‘हशवा’ म्हणतात. हशवा म्हणजे भाजीत भरायचं सारण.

एका संध्याकाळी अबू फवाझ मिठाईचं ताट घेऊन रस्मियाच्या घरी आला.

“उम्म लैथ,” म्हणजे लैथची आई, अशी मानाची हाक मारून तो म्हणाला, “तुझ्यासारखी कर्तबगार बाई आपल्या भावकीत दुसरी नाही.”

“परवापरवापर्यंत तर माझ्या दुकानाने भावकीचं नाक कापलं जात होतं, अबू फवाझ.”

“ते जुने विचार गं. आता आपण पुढारलो.”

“कधीपासून?”

“आजच,” तिचा नवरा अव्वाद कोपऱ्यातून म्हणाला. फौजेतून निवृत्त झाल्यापासून तो एवढंच बोलत असे. “उद्या अर्ज भरायची मुदत संपतेय ना.”

“आणि मी करायचं काय?” रस्मियाने विचारलं.

“काही नाही! तीच तर तुझी जबाबदारी. बायकांना फक्त सांगायचं, अबू फवाझपुढे खूण करा.”

भाऊ दारात येऊन मागतोय, नाही कसं म्हणायचं? तिने सही केली. आठवड्याने चौकात फलक लागला. अबू फवाझचा चेहरा दुमजली घराएवढा. त्याच्या शेजारी यादीतल्याच एका मास्तरांचा, पासपोर्टवर असतो तसा. आणि रस्मियाच्या जागी एक गुलाबाचं फूल, खाली ‘भगिनी उम्म लैथ’. बाईचा फोटो चौकात लावणं भावकीच्या इभ्रतीला शोभलं नसतं.

“फोटो छान आलाय हं!” पार्लरमध्ये बायका फिदीफिदी हसल्या. “कुठली क्रीम लावलीस?”

रस्मियाही हसली. पण घरी जाऊन तिने भांडी जरा जोरातच आपटली.

बायकांच्या प्रचाराच्या तंबूत तिला अबू फवाझचे गुण सांगायचे होते. तिने सुरुवातही केली, पण गुण लवकर संपले. मग तिने विचारलं, “तुम्हाला काय हवंय?” आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. एकदम कलकलाट झाला. विद्यापीठाला जाणाऱ्या मुलींना बस नाही. बाळंतपणाला बाई डॉक्टर नाही.

“मी काही संसदेत जाणार नाही,” रस्मिया म्हणाली. “मी सारण आहे. अबू फवाझपुढे खूण करा. मर्जी असेल तर माझ्यापुढेही करा.”

“आणि त्याच्यापुढे नाही केली तर कुणाला कळेल का?” म्हाताऱ्या हमदाने विचारलं.

“पडद्यामागे तू आणि पेन. तिसरं कुणी नाही.”

“असं होय! आधी नाही का सांगायचं?”

मतदानाच्या दिवशी पुरुषांनी इमानाने एकट्या अबू फवाझपुढे खुणा केल्या. बायका निळं बोट नाचवत बाहेर आल्या आणि काही बोलल्या नाहीत, हेच खरं तर लक्षात यायला हवं होतं. यादीला एक जागा मिळाली. बातमी येताच तंबूपुढे हवेत गोळ्या सुटल्या, आणि मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण सर्वांत जास्त खुणा गुलाबाच्या फुलाला होत्या. अबू फवाझच्या बायकोने शपथेवर सांगितलं, की तिने नवऱ्यापुढे खूण केली होती. आणखी कुणापुढे केली का, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावकीची वडीलधारी मंडळी अबू फवाझला घेऊन अव्वादच्या ओसरीवर आली. रस्मियाने राजीनामा दिला असता, तर यादीतला पुढचा माणूस, म्हणजे अबू फवाझ, संसदेत बसला असता. कॉफी ओतली गेली. त्यांच्यातल्या सर्वांत थोरल्या हाजी मुतलकने पेला न पिता खाली ठेवला, बाकीच्यांनीही ठेवले. पाहुण्याने कॉफी न पिणं म्हणजे यजमानाची नामुष्की.

“अबू लैथ, आमची मागणी मान्य केल्याशिवाय तुझी कॉफी पिणार नाही.”

अव्वादने मिशीवरून हात फिरवला. “खुर्ची माझी असती तर दिली असती, हाजी. ज्या बाईची आहे तिला विचारा.”

मंडळी चुळबुळली. बाईकडे काही मागायला ती आली नव्हती. रस्मिया आतून आली.

“मुली, तब्येतीचं कारण सांग आणि सोड,” हाजी म्हणाला.

“माझी तब्येत ठणठणीत आहे, हाजी. अबू फवाझची मात्र उतरलेली दिसते. त्याला कशाला अम्मानची दगदग?”

कुणीतरी खोकलं. तो खोकला नसावा.

“मग ही कॉफी?”

“गार झाली की आणखी कडू लागेल. पिऊन टाका.”

मग हाजी मुतलकनेच पेला उचलला. घसा कोरडा पडला होता, असं तो नंतर सांगत असे. अबू फवाझ तसाच उठून गेला.

चार वर्षं रस्मिया अम्मानला जात-येत राहिली. मुलींची बस तिने भांडून आणली, डॉक्टर काही मिळाली नाही. तीच वडीलधारी मंडळी भाच्या-पुतण्यांच्या नोकऱ्यांसाठी यायची आणि कॉफी न सांगता दोनदा प्यायची. नोकऱ्या लागल्या नाहीत. पुढच्या निवडणुकीत ती पडली. “अम्मानला गेली आणि शेफारली,” असं ज्या बायका म्हणाल्या, त्यांच्यात हमदाही होती. ते मात्र रस्मियाला लागलं.

त्याच निवडणुकीत अबू फवाझ निवडून आला. यादीत त्याने एक बाई घेतली होती, पण शोधून शोधून अशी, जिच्याशी गावात कुणाचं पटत नव्हतं. मुलींची बस त्याने बंद केली नाही. आपणच ती आणली, असं तो भाषणात सांगतो आणि पुरुष टाळ्या वाजवतात.