मरळीचं गाणं आणि लेबलावरचं नाव

आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते आधी सांगतो. भागरथीबाईचं नाव रेकॉर्डवर छापून आलं ते कंपनीच्या चुकीने नव्हे. ते मी लिहून दिलं होतं. माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत.

सन पन्नासनंतरची पाच-सहा वर्षं उलटली असतील. मी रेडिओत ज्युनियर रेकॉर्डिस्ट होतो. म्हणजे मशीन सांभाळायचं, टेप कापायची, जोडायची. आमचे साहेब जुने निवेदक. एका रेकॉर्ड कंपनीने त्यांना सांगितलं, तुमच्या आवडीचा अल्बम काढा. तेव्हा अल्बम म्हणजे खरोखरच अल्बम असायचा. पुठ्ठ्याची वही, तिच्यात कागदी खिसे, सहा खिशांत सहा तबकड्या. बारा बाजू, एकेक जेमतेम तीन मिनिटांची. साहेबांनी चांदा जिल्हा निवडला. वडशाच्या नाटकातलं पद, सिरोंच्याकडचा तेलुगू पाळणा, गोंडांचा ढोल, सागाचे ओंडके ओढणाऱ्यांची हाळी, सगळं एका वहीत.

"लोकांना कळू दे, जंगलात नुसते वाघ नसतात," ते म्हणायचे.

अकरा बाजू आमच्या सीनियरने मुद्रित केल्या. बारावीच्या दिवशी तो तापाने पडला आणि मशीन माझ्या हाती आलं.

गाव गोंडपिपरीकडचं. या वेळी नाव लिहीत नाही. भागरथीबाई ढिवराची विधवा, तलावात जाळं टाकून दोन पोरी पोसणारी. तिने हळदीची शिवी गायली. आमच्याकडे हळदीला बायका इवायाला, म्हणजे व्याह्याला, गाण्यातून शिव्या घालतात. राग धरायचा नसतो.

आला आला इवाई, मिशीले तेल,
मरळीच्या पोटात पिलाईचा मेळ!

साहेब हसून बेजार. मी तिकडचाच, मला हसू आलं नाही. मरळ मासा आपलीच पिल्लं गिळतो. आणि त्या गावात 'मरळ' म्हणजे एकच माणूस, जुना मालगुजार, गावाचा जमीनदार. कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, तरी ढिवरांच्या टोपल्यांतले निम्मे मासे त्याच्याच घरी जात.

टेपच्या सुरुवातीला गाणाऱ्याचं नाव-गाव बोलून घ्यायची आमची पद्धत. बाई तिथे अडली.

"नाव काऊन पायजे, भाऊ?"

"डब्यावर लिवाले. नाई तं टेपा मिसळतेत."

"डब्यावरच राहीन ना? गाणं साऱ्याइचं हाय. नाव लागलं का माहं एकलीचं होते."

"डब्यावरच राहीन, बाई. माहा शब्द हाय."

महिन्याभराने लेबलांचा मजकूर तयार करायला बसलो. मी त्या बाजूला 'पारंपरिक' लिहिलं होतं. साहेब भडकले.

"इथे नाव का नाही?"

"बाईची इच्छा नाही, साहेब."

"लाजत असेल! या बायका जन्मभर गातात आणि नाव कुणाचंच नाही. माझ्या अल्बममध्ये असलं चालणार नाही. नाव टाक, नाहीतर बाजू काढ."

माणूस वाईट नव्हता, याचाच मला जास्त संताप येतो. मरळ म्हणजे कोण, एवढं एक वाक्य मी सांगितलं असतं तर ते थांबले असते. पण मग बाजू गेली असती. आणि त्या लेबलाच्या शेवटी छापायचं होतं 'ध्वनिमुद्रण', पुढे माझं नाव. मला ते छापून यायला हवं होतं. मी बाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. तालुकासुद्धा लिहिला, हरामखोराने!

रेकॉर्ड निघाली. मालगुजाराच्या जावयाने ग्रामोफोन आणि अल्बम गावात नेला. गाणं म्हाताऱ्या मालगुजाराने याआधी हळदीत शंभरदा ऐकलं असेल. सारं गाव गातं तेव्हा धरायचं कुणाला? आता धरायला छापील नाव होतं. त्याच्या माणसांनी बाईचं जाळं भर दुपारी विळ्याने फाडलं. तिला तलाव बंद झाला. तिच्यामागे सूर धरणाऱ्या बायका दारं लावून घरात बसल्या.

मला कळलं तेव्हा मी गेलो. ती गाठोडं बांधत होती. वडशाच्या राइस मिलमध्ये काम मिळालं होतं.

"तुमी लिवलं का, भाऊ?"

"नाई, बाई. कंपनीवाल्याइनं."

"मले वाटलंच. तुमी शब्द देल्ला होता." मग पोरीला म्हणाली, "भाऊले पाणी दे वं."

मी ते पाणी प्यायलो.

मालगुजार मेला, साहेब रिटायर झाले. दोघांना शिव्या घालून पाहिल्या, उपयोग होत नाही. धंद्यातलं शिकलो ते इतकंच: माणूस नाव का देत नाही हे कळल्याशिवाय लेबल लिहू नये.

भागरथीबाई अजून वडशाला धान पाखडते. 'मी लिहिलं' एवढं तिच्या तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. इथे छापून ते फिटत नाही. तिला वाचता येत नाही.