तिची बाजारातली जागा

अलिबागला जाऊन दोन दिवस आराम करायचा ही अक्कल माझीच. त्यामुळे वडखळच्या ट्रॅफिकमध्ये एसटी ढिम्म उभी राहिली तेव्हा कुरकुर करायचीही सोय नव्हती. बेलापूरहून निघतानाच मी दमलेली होते. या वयात माणूस झोपून उठतं तेच मुळी दमून उठतं. शेजारच्या सीटवर माझी मैत्रीण तोंड उघडं टाकून झोपली होती.

ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावची कोळीण. बेलापूरच्या मासळीबाजारात बसते. मी सोसायटीत राहायला आले तेव्हापासून तिचं गिऱ्हाईक. पहिली काही वर्षं आम्ही नुसत्या भांडलो. मग माझे मिस्टर गेले, तेव्हा ही बाजार आटपून रोज दुपारी माझ्याकडे यायची, सोफा असताना खाली फरशीवर बसायची आणि काही न बोलता चहा पिऊन जायची. सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये नाकाला पदर लावायच्या. लावू देत. त्यांच्यातली एकही माझ्याकडे येऊन तशी बसली नव्हती.

आता तिच्यापुढे प्रश्न होता बाजारातल्या जागेचा. ती जागा सासूकडून सुनेकडे जाते, असा त्यांच्यात रिवाज आहे. हिलाही तिच्या सासूनेच हाताला धरून तिथे बसवलं होतं. पण हिची सून वाशीला बँकेत नोकरी करते, आणि तिने सरळ सांगितलं होतं, ‘आई, मी नाही बसणार.’ इकडे हिचे गुडघे कामातून गेलेले. शेजारी बसणाऱ्या बाईला ती जागा स्वतःच्या सुनेसाठी हवी होती. रविवारपर्यंत काय ते सांग, म्हणाली होती. मी वर्षभर हिच्या कानीकपाळी ओरडत होते, सोड आता, खूप झालं. ही हूं नाही की चूं नाही.

मार्गशीर्षातला गुरुवार होता म्हणून तरी ती यायला तयार झाली. घरोघरी घट मांडलेले असतात, मासळीला कोण हात लावतंय.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. घोडागाड्या, भेळवाले, समोर पाण्यात किल्ला. तिने सगळं एकदा बघून घेतलं.

“पानी तर आमच्याकडं पन हाय,” ती म्हणाली.

“मग गप बसून बघ की जरा.”

बसली. पण तिला नुसतं बसता येत नाही. सारखी वाळू उकरत होती, पदर सारखा करत होती, मध्येच म्हणाली, “उद्या शुक्रवार. उपास सोडलेली सगली बाजारात येतील.” मी वाळूत पाय पसरून डोळे मिटले. मला खरंच बोलायचं त्राण नव्हतं.

सकाळी मला बिछान्यात लोळायचं होतं, तर ही साडी नेसून तयार. इथला बाजार बघायचा म्हणे. लोक एवढ्या लांब येऊन किनाऱ्यावर फिरतात, आणि मी निघाले मासळीबाजारात. आपलं नशीबच असलं.

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. ही एका म्हाताऱ्या कोळणीपुढे वाकली आणि सुरमईचा कल्ला उघडून बघायला लागली. म्हातारीने तिच्या हाताकडे पाहिलं.

“कुठली गो तू?”

“दिवाल्याची.”

“मग बस जरा. मी गोली घेऊन येते.”

आणि ही बसली. कासोटा सावरला आणि सरळ म्हातारीच्या पाटावर. मी म्हटलं, “अगं, आपण फिरायला आलोय ना?”

“धंद्यावरची बाय उठली का दुसरीनं तिची पाटी सांबालायची,” ती म्हणाली. “त्याच्यात इचारायचं काय?”

मग मी भिंतीला टेकून तमाशा बघत उभी राहिले. एका गिऱ्हाइकाला तिने हसवलं, दुसऱ्याला झापलं, तिसरा निघून चालला होता त्याला नुसत्या मानेने परत बोलावलं. वर्षभरात मी तिला इतकी खुशीत पाहिली नव्हती. मला संताप आला. एवढी मजा येते तर मग गुडघ्यांचं रडगाणं मला कशाला ऐकवतेस बाई?

म्हातारी परत आली. ही उठायला लागली. एक हात जमिनीला टेकला, मग दोन्ही टेकले. उठेना. पुन्हा जोर केला. शेवटी मी आणि म्हातारीने काखेत हात घालून तिला वर ओढली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“सून नाय येत?” म्हातारीने विचारलं.

“बँकेत हाय.”

“माझी पन नाय येत,” म्हातारी म्हणाली आणि माशांवर पाणी शिंपडायला लागली.

बाहेर आल्यावर ती एका दुकानाच्या पायरीवर टेकली. पिशवीतून फोन काढला आणि बेलापूरच्या बाजारातल्या शेजारणीला लावला. “तुझ्या सुनेला बसव माझ्या जागेवर,” ती म्हणाली. “रविवार कशाला, आताच बसव. शुक्रवार हाय, मोप गिऱ्हाईक येल.” फोन ठेवून ती समोरच्या रिक्षांकडे बघत राहिली.

मला बरं वाटायला हवं होतं. वर्षभर याचसाठी तर घसा कोरडा केला होता. पण मिस्टर गेल्यापासून माझ्या दिवसातलं पहिलं बोलणं बाजारात व्हायचं, तिच्यासमोर उभं राहून. मासे घ्यायचे नसले तरी मी पिशवी घेऊन निघायचेच.

“मग आता मी सकाळी कुठे जाऊ?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

“मना काय ठाव,” ती म्हणाली. “मी तरी कुठं जाऊ?”