डोळे धुवायचा नळ आणि लातूरची सवय

लातूरला सहलीला गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मीही गेलो नसतो, पण भाची प्रज्ञाचा फोन आला. ती तिथल्या एका इंजेक्शनच्या कारखान्यात, निर्जंतुक खोलीत काम करते. "मामा, तुमच्या दुकानातला डोळे धुवायचा नळ हे लोक दाराबाहेर बसवायलेत." नांदेडला माझं कामगारांच्या सुरक्षेच्या सामानाचं दुकान आहे, नळ तिथूनच गेलेला. माझा चहा थंड झाला आणि डोकं तापलं.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता आहे. साध्या एसटीनं निम्मा दिवस जातो. रस्ता आता झकास झालाय, गाड्या मात्र त्याच. माझ्या खिडकीची काच वर सरकेना, तर कंडक्टर म्हणाला, "येऊ द्या की हवा, तिचं तिकीट न्हाई." अहमदपूरला स्टँडबाहेर सुशीला जरूर खा, चुरमुरे आणि हिरवी मिरची सढळ हातानं असते. चहाच्या नादी लागू नका, गरम पाकाला ते चहा म्हणतात.

कारखान्यात मॅनेजर साहेबांनी आधी भिंतीवरची प्रशस्तिपत्रं दाखवली, मग खोली. फरशी पुसायचं औषध इतकं जहाल की डोळ्यात उडालं तर डोळा जायचा. आणि नळ कुठे, तर दोन दारांपलीकडे! त्यातलं एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही.

"आत पाणी आलं की स्वच्छता बिघडते," साहेब म्हणाले.

"डोळे मिटा आणि नळापर्यंत जाऊन दाखवा," मी म्हणालो.

साहेब ताठ मानेनं निघाले. दोन दारांच्या मधे अडकून बटण शोधत भिंत चाचपडत राहिले. काचेआड मास्क लावलेल्या पोरींचे खांदे हलत होते.

मुक्काम प्रज्ञाकडे केला. दुसऱ्या दिवशी नळ आत बसला, झाकणाचा, सांडपाणी बंद पाइपातून बाहेर जाईल असा. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चाचणी. मी दांडा दाबला, झाकण उडालं आणि एक थेंब आला नाही. बाहेर पाणी आणणाऱ्या पाइपावरचा कॉक कोणीतरी बंद केला होता. मी साहेबांवर तोंड सोडलं, कंजूषपणापासून सुरुवात करून.

"मामा, थांबा," प्रज्ञा पुढं आली. "म्या बंद केला. जरासं टपकायलंतं. घरी आठ-आठ दिवस नळाला पाणी न्हाई, हितं वाया जाताना बघवना."

जिच्या डोळ्यांसाठी मी साऱ्या कारखान्याशी भांडलो, तिनंच पाणी तोडलं होतं. साहेब गालात हसले. त्यांना तेवढी संधी मिळायला नको होती.

मी वॉशर बदलला, टपकणं थांबवलं, कॉक पूर्ण उघडला आणि त्याची मूठच काढून खिशात टाकली. आता कोण बंद करतो ते बघू.

मूठ आता नांदेडला माझ्या मोरीच्या खिडकीत आहे. काल साहेबांचा फोन आला. "अहो, दर आठवड्याला पाणी सोडून बघा म्हणता, बादल्याच्या बादल्या जायलेत. ती मूठ पाठवून द्या."

मी काही बोलायच्या आत मागून प्रज्ञाचा आवाज आला, "मामा, देऊ नका हं!"

मी फोन ठेवला आणि आंघोळीला गेलो.