लालबागच्या पालीला घेऊन परळला

आधी दुरुस्ती. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पालीलाही मलेरिया होतो आणि डास तो तिच्याकडून माणसाकडे आणू शकतात. पहिलं खरं, दुसरं चूक. चौथीपर्यंत मी घरीच, आजोबांकडे शिकले. चूक जिथे केली तिथेच सुधारायची, हा त्यांचा नियम.

लालबागच्या मामीने तो लेख वाचला आणि आठवड्याभरात तिच्या उजव्या खांद्यावर पाल पडली. पंचांगात फळ चांगलं निघालं, माझ्या ब्लॉगवर वाईट. मामीने रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही, तरी ती तान्ह्या नातवाला घेईना. "माका कायव होवंदे गो, बाळाक नको." मग हुकूम झाला, पालच तपासून आण.

शनिवारी सकाळी गिरगावातून बसने लालबाग गाठलं. मामाने पाल बरणीत धरून ठेवली होती, झाकणाला भोकं पाडून. मंडपांच्या कामामुळे सध्या रस्ता अरुंद झालाय, तेव्हा परळच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत चालतच जा. वाटेत वडे बरे मिळतात. आम्ही दोनच घेतले. पाल उपाशी असलेली बरी, रक्त तपासायचंय, असं मामाचं मत पडलं.

दवाखान्यात आमच्या पुढे एक बोकड होता. डॉक्टरीणबाईंनी बरणी उजेडात धरली. "पाळलेली आहे?"

"नाय, भाडेकरू," मामा म्हणाला.

पालींच्या रक्तातले मलेरियाचे जंतू वेगळे, माणसात ते टिकत नाहीत, असं बाईंनी समजावलं. मी तीनदा विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हिच्याकडून तुम्हाला मलेरिया होणार नाही. हिने जे डास खाल्ले नाहीत, त्यांच्याकडून होईल." तेवढ्यात घाबरून पालीने शेपटी टाकली. बोकडवाले लांब सरकले.

घरी मामाने पाल ट्यूबलाइटमागे सोडली. मी मामीला सगळं सांगितलं.

"आदी तूच लिवलंस, आता तूच पुसतंस. बाळ म्हणजे पाटी काय गो?" बारशाला येईन, पण त्याला हात लावणार नाही, म्हणाली.

गिरगावात परत येऊन वरची दुरुस्ती लिहिली, पण मामी तेवढ्याने ऐकणारी नाही. मामेभावाला सख्खी बहीण नाही, त्यामुळे नाव ठेवणारी आत्या मीच. बारसं येत्या रविवारी आहे. त्या दिवशी बाळ मामीच्या मांडीवर जाईपर्यंत मी त्याच्या कानात नाव सांगणार नाही.