पाच वाजताची फज्र

मी हवालदार असताना आमची पलटण दिल्लीला आली. कॅन्टोन्मेंटच्या कडेला एका डेपोची गार्ड आमच्याकडे होती. चार पोस्ट, बारा जवान, गार्ड कमांडर मी, शब्बीर मुलाणी, जिल्हा सातारा. दिल्लीची पोस्टिंग म्हणजे चैन, असं गावाकडे सगळ्यांना वाटायचं. जानेवारीतलं तिथलं धुकं त्यांनी पाहिलं नव्हतं. दहा पावलांवरचा माणूस दिसायचा नाही, नुसता खोकताना ऐकू यायचा.

नियम साधा होता. ०५०० ला मी पायी जाऊन चारही पोस्ट बघायच्या. ०६०० ला फोनवर रिपोर्ट घेऊन रजिस्टरमध्ये लिहायचा.

त्या पहाटे ०५०० ची चक्कर झाली नाही. ०६०० ला मी फोन फिरवला.

"तीन नंबर?"

"तीन नंबर, सब ठीक, हवालदार साब."

आवाज सिपाही विलास शेडगेचा. वय सव्वीस, पाटण तालुक्यातला. मी लिहून घेतलं आणि फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेला उभा राहिलो.

०७०० ला गार्ड बदलायला गेलेला जवान धावत परत आला. शेडगे पोस्टमध्ये भिंतीला टेकून बसला होता. दार आतून ओढून घेतलेलं, पायाशी कोळशाची सिगडी. बंद पोस्टमध्ये सिगडी पेटवायची नाही, अशी सक्त ऑर्डर होती. पण थंडी ऑर्डर वाचत नाही. मेडिकल ऑफिसर म्हणाले, "साढ़े पाँच के आसपास गया है. पाँच बजे कोई दरवाज़ा खोलता तो बच जाता."

मग सहाला माझ्याशी कोण बोललं? लाइन तपासली, ती ठीक होती. स्विचबोर्डवरचा जवान म्हणाला, तीन नंबरवर घंटी वाजत राहिली, फोन कुणी उचललाच नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत विचारलं गेलं, पाच वाजता कुठे होतात?

"नमाज में था, सर."

अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि तसंच लिहिलं. फौजेत कुणी दुसऱ्याच्या देवाची उलटतपासणी घेत नाही. मी वॉर्निंगवर सुटलो.

त्यानंतर नमाजेला उभा राहिलो की डाव्या कानात फोन वाजायचा. सजद्यात डोकं टेकलं की अगदी जवळून. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. मग मनानं हळूच एक तोड काढली. त्या 'सब ठीक'मधून अल्लानं मेलेल्याच्या तोंडून मला माफी कळवली असणार. हा विचार रजईसारखा ऊबदार होता.

आमच्या पलटणीचे धर्मगुरू होते पंडितजी. म्हणून मी शेजारच्या युनिटच्या मौलवीसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जनवरी में पाँच बजे कौन-सी फ़ज्र?"

दिल्लीत त्या दिवसांत फज्रची वेळ पावणेसहाला सुरू होते. साऱ्या कोर्टात हे ठाऊक असलेला माणूस एकच होता, तो म्हणजे मी.

"आवाज़ किसकी थी, मैं नहीं जानता," ते म्हणाले. "नफ़्स को, आदमी के अंदर की ख़ुदग़र्ज़ी को, जानता हूँ. फँसता है तो नमाज़ की चटाई, मुसल्ला, ओढ़ लेता है. लेकिन अल्लाह ने जो फ़ितरत देकर पैदा किया, वो अंदर साफ़ है, इसीलिए चैन नहीं है. शुक्र करो. और जिसका बेटा था, उसे जाकर बताओ."

मी वर्षभर टाळलं. पुढच्या जानेवारीत शेडगेचे वडील, तात्या, गावच्या मंडळींबरोबर पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकावर आले. मी दिल्लीहून बसनं गेलो. तिथंही धुकं होतं. तात्या बाकावर एकटेच बसले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"पलटणीचं पत्र आलं होतं. विलास गेला तेव्हा तुम्ही नमाजेत होता म्हणे. मी त्याच्या आईला म्हटलं, त्या घडीला कुणीतरी देवाचं नाव घेत होतं. तेवढ्यावर ती जेवायला लागली."

इथं गप्प बसणं किती सोपं होतं.

"नाही तात्या. मी रजईत होतो. थंडी होती म्हणून उठलो नाही."

"झोप लागली होती?"

"जागा होतो."

त्यांनी हात सोडवून घेतला. उठले आणि धुक्यात चालत गेले. मला हाक मारायचं धैर्य झालं नाही.

परतल्यावर मी पलटणीच्या सीओंना, कमांडिंग ऑफिसरांना, लेखी दिलं. बाहीवरची हुद्द्याची एक फीत गेली. घंटी थांबली का, असं लोक विचारतात. नाही थांबली. पण आता मी तिच्यासकट नमाज पढतो.

सिपाही विलास शेडगे. तीन नंबर पोस्ट. पाच वाजता तो जिवंत होता.