दर जिवाला एक उपास

दुधगावच्या पंचक्रोशीत कुणाची विहिरीतली मोटर जळाली की ती धन्यकुमार मगदूमांच्या, म्हणजे अण्णांच्या, ओट्यावर यायची. चाळीस वर्षं या माणसानं मोटरी भरल्या. जळकी तार उसवायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि मग मालकाला समोर बसवून सांगायचं, की गड्या, तुझी मोटर ह्या ह्या कारणानं जळाली. मालकाला उसाला पाणी पाजायची घाई. त्याला कारण नको असायचं, मोटर हवी असायची. पण कारण ऐकून घेतल्याशिवाय मोटर हातात पडत नसे. घरातही तीच तऱ्हा. भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर, पोराचा जुना मोबाइल, सगळं एकदा तरी त्यांच्या पुढ्यात उघडं पडलेलं. सुनेचं केस वाळवायचं यंत्र तर चांगलं चालत होतं. अण्णांनी ते आतून कसं चालतं ते बघितलं आणि त्यानंतर ते काही चाललं नाही.

साठी ओलांडल्यावर दुकान पोराच्या, जिनेंद्रच्या, ताब्यात गेलं. अण्णांचे हात मोकळे झाले आणि नेमकी दाढ ठणकायला लागली. सांगलीत दातांच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसले, तर समोर भिंतीशी काचेची टाकी. बाकीचे लोक गालाला हात लावून मासे बघत होते. अण्णा मोटर बघत होते. अंगठ्याएवढी मोटर, सबंध पाण्यात बुडालेली, पोटाशी काळा स्पंज आणि वरच्या तोंडातनं बुडबुडे. नावं लिहिणाऱ्या बाईनं कुठली दाढ म्हणून विचारलं, तर अण्णांनी तिलाच ही मोटर किती ताकदीची म्हणून विचारलं. दाढ निघाली तरी ते आणखी दोनदा तिथं जाऊन बसले. तिसऱ्या खेपेला त्या बाईकडून कळलं, की टाकीतलं सगळं पाणी कधीच बदलत नाहीत. मग एवढ्या माशांची घाण जाते कुठं? हे काही अण्णांच्या डोक्यातून जाईना.

स्टँडच्या मागल्या बाजूला धुळाचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. धुळा आटपाडीकडचा, चाळिशीचा, शेरडं राखणाऱ्या घरातला. आमच्याकडं पाणीच नव्हतं, म्हणून बघायची हौस राहिली, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. अण्णांनी त्याला तोच प्रश्न टाकला. धुळा म्हणाला, घाण पाणीच खातं. पाणी कसं खाईल, म्हणून अण्णा स्टूल ओढून बसलेच.

"पिकल्यालं पाणी खातं, अण्णा. कच्चं न्हाई खात. टाकी भरा, मोटर सोडा, मासं न घालता चार आठवडं तशीच चालू ठेवा. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं."

"मासं न्हाईत तर खाद्य कुणाला?"

"पाण्याला. त्यात काय पिकतं ते मलाबी दिसत न्हाई. पण वास येतो. नांगरल्याल्या रानाचा वास आला की मासं न्यायला या."

अण्णा अडीच फुटांची टाकी घेऊन गावी आले. सोप्यात, ऊन येणार नाही अशा कोपऱ्यात, लाकडी बाकावर ती मांडली. चंदनक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, दारात उभ्या राहून बघत होत्या. देवळात गेल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारी, दिवस मावळायच्या आत जेवून घेणारी बाई. घरातला पाण्याचा थेंबही त्यांच्या फडक्यातनं गाळून यायचा. आता ही भांडणार, असं धरून अण्णांनी मनात चार उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही कामी आलं नाही.

"जीव तुमी आणताय," आक्का म्हणाल्या. "पर ऱ्हाणार माझ्या घरात. मेला तर माझ्या घरात मेला. दर जिवाला माझा एक उपास."

अण्णा हसले, पण ते हसणं लवकर विरलं. आक्कांना साखर होती. दोन वर्षांमागं डॉक्टरांनी जैनांच्या दशलक्षण पर्वातले उपास बंद करायला लावले, तर त्या आठ दिवस डॉक्टरांचं नाव निघालं की उठून जायच्या. आणि एकदा बोललेला उपास या बाईनं मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

म्हणजे आता एकही मासा मरता कामा नये. अण्णांनी विचार केला, की जेवढं शुद्ध करता येईल तेवढं करायचं. आक्कांनी गाळून दिलेलं पाणी त्यांनी जर्मनच्या मोठ्या पातेल्यात चुलीवर उकळलं. घरी मुनी आहाराला यायचे असले की पाणी उकळून ठेवतात, त्याहून शुद्ध काय असणार? सहा पातेली उकळून, निववून टाकीत ओतायला दोन दिवस गेले. आक्का म्हणाल्या, मासं काय दीक्षा घेतल्यालं हायत व्हय? अण्णांनी ऐकलं नाही. आणि स्पंज. तो आठवड्यात तपकिरी, बुळबुळीत व्हायचा. मोटरीच्या कुठल्याही भागावर असलं काही चढलेलं त्यांना सोसत नसे. दर रविवारी ते परसात चूल पेटवून स्पंज उकळायचे, पांढरा फेस निघेपर्यंत पिळायचे आणि नव्यासारखा करून परत बसवायचे.

चार आठवडे ते रोज टाकीवर नाक धरून बसले. शेजारचा आप्पासो एकदा डोकावून म्हणाला, "अण्णा, आमटी उतू चाललीया का?" वास काही पक्का येईना. शनिवारी येतो येतो वाटायचा, सोमवारी गायब व्हायचा. भिंग आणून बघितलं, तर भिंगात स्वतःचाच डोळा. शेवटी चार आठवडे भरले म्हणून ते सांगलीला गेले आणि दहा मासे घेऊन आले. दोन काळ्या मॉली, चार गप्पी, चार पट्टेवाले टेट्रा. धुळानं निवडून दिले होते, एकमेकांच्या वाटेला न जाणारे. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायची, मग हळूच सोडायची, हेही त्यानं शिकवलं होतं. मासे सुटले तेव्हा आक्काही हातातलं पीठ न झटकता बघायला आल्या. बराच वेळ उभ्या होत्या. यांना डोळे मिटता येत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. अण्णा भिंग घेऊन तेच बघायला लागले.

चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. पाचव्या दिवशी एक गप्पी वर येऊन तोंड वासायला लागला आणि दुपारपर्यंत आडवा झाला. अण्णांनी तो गपचूप केळीच्या बुडाशी पुरला. परत येऊन बघतात तर आक्का मासे मोजत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी चूल सगळ्यांसाठी पेटली, त्यांचं ताट मांडलं गेलं नाही.

मग एक टेट्रा गेला. एक दिवस सोडून दुसरा उपास. मग आणखी एक गप्पी. आता जिनेंद्र बापाशी धड बोलेना. अण्णांनी आक्कांना समजावलं, चिडले, गप्पही बसून बघितलं. आक्का एवढंच म्हणाल्या, की मी तुम्हाला टाकी काढा म्हटलंय का?

तिसऱ्या उपासाच्या दिवशी दुपारी त्या धुण्याच्या दगडापाशी खाली बसल्या, त्या उठेनात. अंगाला घाम, हात थरथरत होते. पोटात साखर उतरवायची गोळी होती आणि अन्न नव्हतं. गोळी मात्र त्यांनी नेमानं घेतलेली. अण्णा साखरेचं पाणी करून धावले. आक्कांनी ओठ मिटून घेतले. सकाळी सूर्य दिसल्यावर, असं खुणेनं सांगितलं.

"पी," अण्णा म्हणाले. पेला त्यांनी पुढंच धरला. "न्हाईतर आत्ता जाऊन टाकी फोडतो. सातबी जीव एकदम जातील. मग बस सात उपास करत."

आक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. हा माणूस चालू यंत्रसुद्धा उघडतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पेला रिकामा केला. जरा वेळानं डोळ्यांत उजेड आला तेव्हा म्हणाल्या, अर्धा उपास राहिला. अण्णा म्हणाले, राहू दे, उद्या सातही मासे धुळाच्या दुकानात परत जाणार. दुपारभर ते ओट्यावर बसून होते. मोटर परत द्यायची आणि ती का जळाली ते सांगता यायचं नाही, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

सकाळी त्यांनी पिशव्या काढल्या. सगळं चकचकीत करून परत द्यावं म्हणून आधी मोटर काढली, स्पंज सोडवला आणि परसात चुलीवर पातेलं चढवलं. पाणी खळखळायला लागलं तशा आक्का गरम पाणी आहे का बघायला आल्या. अण्णांच्या हातातल्या त्या तपकिरी गोळ्याकडं त्यांची नजर गेली. आजवर हा रविवारचा कार्यक्रम व्हायचा तेव्हा त्या देवळात असत.

"ते काय टाकताय उकळत्यात?"

"स्पंज. घाण धरलीया."

"कशातली?"

"टाकीतली. सगळं पाणी ह्याच्यातनंच जातं की. मोटर वडती, हे गाळतं."

"मग घाण कसली? गाळणं हाय ते," आक्का म्हणाल्या आणि स्पंज त्यांच्या हातातनं काढूनच घेतला.

मग त्या परसातल्या दगडावर बसल्या आणि बोलल्या. एरवी माहेरचं बोलणारी बाई नव्हे ती. माहेर बेडकीहाळचं, सीमेपल्याडचं. तिथल्या विहिरीवर आई पाणी शेंदायची आणि जागच्या जागी फडक्यातनं गाळायची. फडकं झटकायचं नाही, दुसऱ्या पाण्यात धुवायचं नाही. गाळलेल्या पाण्याचीच एक धार त्याच्यावर सोडून, फडक्यात अडकलेलं सगळं एका बादलीत उतरवायचं. त्या बादलीच्या बुडाला कडी होती. कडीला दोर बांधून बादली सरळ खाली सोडायची आणि पाण्याला टेकली की मगच उपडी करायची, म्हणजे वरून पडून जिवांना इजा नको. आठ वर्षांची चंदना ते काम करायची. एकदा कंटाळून तिनं ते पाणी चुलत्याच्या विहिरीत ओतलं, तर आईनं दिवसभर अबोला धरला. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात गेले पाहिजेत. दुसरं पाणी त्यांना सोसत नाही.

"दिसतात का ते?" अण्णांनी विचारलं.

"न दिसणाऱ्यांसाठीच तर एवढं करायचं."

चूल धगधगत होती. अण्णा उभेच होते. शनिवारी येणारा, सोमवारी जाणारा वास त्यांच्या डोक्यात फिरत होता. त्यांनी आक्कांच्या हातातला स्पंज नाकाशी नेला. ओल्या, नांगरलेल्या रानाचा वास. एवढे दिवस ते पाण्यावर नाक धरून बसले होते आणि घाण खाणारं जे पिकत होतं ते इथं, स्पंजात, राहत होतं.

धुळाला फोन लावला. स्पंज कसा साफ करता, असं त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि अण्णांनी सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं.

"अण्णा," मग तो म्हणाला, "आठवडाभर पिकवायचं आन रविवारी शिजवायचं, असं चाललं हुतं म्हणा की तुमचं."

त्यानं सांगितलं, की मासे आणू नका, तुम्ही या. त्याच्या सगळ्यात जुन्या टाकीतला, दोन वर्षं मुरलेला स्पंज तो देणार होता. अण्णा दुपारच्या एसटीनं, मांडीवर पाण्याची पिशवी आणि पिशवीत काळाकुट्ट स्पंज घेऊन परतले. शेजारच्या बाईनं हे कशाचं औषध म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी दुधगाव येईपर्यंत तिला माशांच्या घाणीचं काय होतं ते समजावलं. बाई सीट बदलून बसली.

घरी आक्कांनी वेगळीच शंका काढली. हे सांगलीचं पाणी, ते दुधगावचं. चुलत्याच्या विहिरीसारखं झालं तर? धुळाला पुन्हा फोन झाला. तो म्हणाला, वाटीवाटीनं मिसळा, सोसतं. मग आक्का टाकीपाशी स्टूल घेऊन बसल्या आणि तासभर टाकीतलं पाणी वाटीवाटीनं पिशवीत घालत राहिल्या. स्पंज मोटरीला त्यांनीच बसवला. टाकीतला आधीचा स्पंजही त्याच्या शेजारी राहिला.

दोन दिवस सातही मासे वरवरच होते. मधल्या वेळात डॉक्टरांना दाखवून आणलं, तेव्हा आक्कांनी त्यांना शब्द दिला होता की गोळी घेऊन उपास करणार नाही. गोळी सोडून करणार नाही, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या, ते अण्णांच्या नंतर ध्यानात आलं. ते सकाळी डोळे उघडायच्या आधी मनात सात म्हणायचे आणि मग जाऊन मोजायचे. चौथ्या दिवशी ताकासारखं पाणी निवळलं. आठव्या दिवशी टाकीपलीकडच्या भिंतीवरचा खिळा काचेतनं स्पष्ट दिसला. रविवारी बादलीभर टाकीचंच पाणी काढून आक्कांनी त्यात स्पंज दोनदा हलकेच दाबला. एवढंच, म्हणाल्या, फडकं पिळत नसतात. ते तपकिरी पाणी टाकीत परत न्यायला धुळाची मनाई होती. ते ओतून देणं आक्कांना पटत नव्हतं. शेवटी ते केळीच्या बुडाशी, पुरलेल्या तिघांच्या जागेवर, सावकाश सोडलं गेलं.

तीन आठवड्यांनी, दिवस कलता असताना, अण्णा टाकीपाशी भिंग घेऊन बसले होते. थोरल्या काळ्या मॉलीभोवती काहीतरी चमकत होतं. डासाच्या पिल्लाएवढे मासे, डोळ्यांचे नुसते ठिपके. त्यांनी आक्कांना हाक मारली. आक्का हात पुसत आल्या, वाकल्या आणि बोटानं मोजायला लागल्या. नऊ, दहा, अकरा. अकरावर बोट होतं तेवढ्यात दुसरी मॉली पुढं झाली आणि त्यातलं एक गिळून निवांत फिरायला लागली.

अण्णांनी आक्कांकडं बघितलं. बाहेर ऊन अजून शिल्लक होतं. आत ताट वाढलेलं होतं. आक्का सरळ उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या मॉलीकडं बघत होत्या. ती काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करत होती.

"ह्येचा उपास तिनं धरावा," आक्का म्हणाल्या. "चला, दिवस बुडायच्या आत जेवून घ्या."

त्या भाकरी मोडायला बसल्या. अण्णा मात्र भिंग घेऊन टाकीपाशीच राहिले. ही मॉली आपलं-परकं ओळखत नाही, की ओळखूनही खाते, हे त्यांना कळलं नव्हतं. आतून दोनदा हाक आली तेव्हा ते उठले, आणि जाता जाता त्यांनी टाकीत थोडं गवत सोडलं, पिल्लांना लपायला.